डिझेल इंजिनाच्या केबिनमध्ये नक्की काय असतं? सिंधुदुर्गातून धावलेल्या जुन्या 'ॲल्को'ची गोष्ट

कुडाळ किंवा कणकवलीच्या फलाटावर उभं राहिलं की पूर्वी गाडी दिसायच्या आधी ऐकू यायची. आधी लांबून घरघर, मग पायाखालची फरशी हादरवणारा आवाज आणि गाडी सुटताना काळ्या धुराचा एक मोठा लोट. आता त्याच फलाटावर इलेक्ट्रिक इंजिन येतं आणि जातं, कपड्यांना धुराचा वाससुद्धा लागत नाही.

प्रवाशांसाठी हा बदल चांगलाच आहे. पण त्यामुळे जुन्या डिझेल इंजिनांबद्दलचं कुतूहल वाढलं. परदेशात जुनं डिझेल इंजिन दुरुस्त करून चालवतात आणि लोक पैसे भरून त्याच्या केबिनमध्ये बसतात, असे व्हिडिओ सगळीकडे फिरत असतात. मग प्रश्न पडतो, की त्या केबिनमध्ये असतं काय? आपल्या कोकण रेल्वेवर कुठली इंजिनं धावली? आणि आज आपल्याला असं बसायला मिळतं का?

एकेक करून बघू.

सिंधुदुर्गात डिझेल आलं कधी आणि गेलं कधी?

सिंधुदुर्ग जिल्ह्याने कोळशाचं इंजिन कधी पाहिलंच नाही. देशात इतरत्र वाफेची इंजिनं निवृत्त होत असताना इथे रेल्वेचा पत्ता नव्हता. बॅ. नाथ पै आणि त्यांच्यानंतर मधु दंडवते यांनी राजापूर मतदारसंघाचे खासदार म्हणून कोकणातल्या रेल्वेची मागणी लावून धरली. १९९० साली कोकण रेल्वे कॉर्पोरेशन स्थापन झालं तेव्हा जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते, मधु दंडवते अर्थमंत्री होते आणि कॉर्पोरेशनची सूत्रं ई. श्रीधरन यांच्याकडे आली.

उत्तरेकडून रूळ टाकत टाकत डिसेंबर १९९६ मध्ये गाडी खेडवरून सावंतवाडीपर्यंत पोहोचली. २६ जानेवारी १९९८ ला रोहा ते मंगळुरू हा सुमारे ७४० किलोमीटरचा पूर्ण मार्ग जोडला गेला. मालवणला मात्र आजही स्टेशन नाही. मालवणला जाणारा माणूस कणकवली, सिंधुदुर्ग किंवा कुडाळला उतरतो आणि पुढे एसटी किंवा रिक्षा पकडतो.

मार्गावर तारा नव्हत्या, त्यामुळे सगळी मदार डिझेलवर होती. विद्युतीकरणाची पायाभरणी २०१५ मध्ये झाली आणि काम टप्प्याटप्प्याने पुढे सरकलं. शेवटचा टप्पा होता रत्नागिरी ते थिविम, म्हणजे पूर्ण सिंधुदुर्ग जिल्हा याच पट्ट्यात येतो. मार्च २०२२ मध्ये त्याची सुरक्षा तपासणी झाली आणि २० जून २०२२ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी हे विद्युतीकरण देशाला अर्पण केलं. एकूण खर्च होता सुमारे १,२८७ कोटी रुपये.

थोडक्यात, सिंधुदुर्गातला डिझेलचा जमाना साधारण पंचवीस वर्षांचा. कोकण रेल्वेवर तार सगळ्यांत शेवटी पोहोचली ती इथे.

'ॲल्को' म्हणजे काय?

ॲल्को म्हणजे अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी. न्यूयॉर्क राज्यातल्या श्केनेक्टडी शहरात तिचा कारखाना होता. भारतीय रेल्वेने १९५० च्या दशकाच्या शेवटी या कंपनीकडून डब्ल्यूडीएम-१ जातीची १०० इंजिनं घेतली. त्यानंतर १९६२ पासून आलं डब्ल्यूडीएम-२. या इंजिनाने पुढची तीन-चार दशकं भारतीय रेल्वे ओढली.

नाव अवघड वाटतं, पण फोड सोपी आहे. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे मिश्र, अर्थात प्रवासी आणि माल अशा दोन्ही गाड्यांसाठी. शेवटचा २ म्हणजे या जातीतलं दुसरं मॉडेल. एम च्या जागी पी असेल तर इंजिन प्रवासी गाड्यांसाठी, जी असेल तर मालगाड्यांसाठी.

सुरुवातीची काही इंजिनं अमेरिकेतून आली. नंतर वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समध्ये ती बनू लागली. तिथून पहिलं इंजिन जानेवारी १९६४ मध्ये बाहेर पडलं. गंमत म्हणजे खुद्द ॲल्को कंपनीने १९६९ मध्ये रेल्वे इंजिनं बनवणं थांबवलं, पण तिचं डिझाइन वाराणसीत जगत राहिलं. डब्ल्यूडीएम-२ ची अडीच हजारांहून जास्त इंजिनं तयार झाली. ३,१०० अश्वशक्तीचं डब्ल्यूडीएम-३ए आणि त्यापेक्षा ताकदवान डब्ल्यूडीएम-३डी ही त्याच घराण्यातली पुढची पिढी.

कोकण रेल्वे सुरू झाली तेव्हा देशातल्या ब्रॉडगेजवर मुख्यतः ॲल्को घराण्याचंच राज्य होतं. त्यामुळे कोकणातल्या सुरुवातीच्या गाड्याही याच इंजिनांनी ओढल्या. ४,००० अश्वशक्तीची ईएमडी घराण्यातली डब्ल्यूडीपी-४ आणि तिचे भाऊबंद नंतर आले.

इंजिन चालतं कसं?

अनेकांना वाटतं की डिझेल इंजिन थेट चाकं फिरवतं, ट्रकसारखं. तसं नाही. डब्ल्यूडीएम-२ च्या पोटात १६ सिलिंडरचं, २,६०० अश्वशक्तीचं डिझेल इंजिन असतं. ते एक मोठा जनरेटर फिरवतं. जनरेटरची वीज खालच्या सहा मोटारींना जाते. प्रत्येक आसाला एक मोटार. ती मोटार चाक फिरवते. म्हणजे हे एक चालतंफिरतं वीजघरच आहे. त्याचं वजन ११२ टनांच्या आसपास आणि डिझेलची टाकी ५,००० लिटरची.

केबिनमध्ये काय काय असतं?

जुन्या ॲल्कोची केबिन साधारण एका लहान खोलीएवढी. आत दोन माणसं. एक लोको पायलट, ज्याला सगळे आजही ड्रायव्हरच म्हणतात, आणि एक सहाय्यक. केबिन एकच, पण गाडी दोन्ही दिशांना चालवता यावी म्हणून आत चालवायची जागा दोन ठिकाणी केलेली असते.

समोर असतो तो मुख्य दांडा, थ्रॉटल. त्याला आठ पायऱ्या असतात. प्रत्येक पायरीला 'नॉच' म्हणतात. इंजिन नुसतं चालू असताना मिनिटाला सुमारे ४०० फेरे घेतं, आठव्या नॉचला १,०००. मोटारीच्या ॲक्सिलरेटरसारखं एकदम दाबून चालत नाही. एक नॉच द्यायचा, मोटारींना किती वीज जातेय ते मीटरवर बघायचं, गाडीने जोर धरला की पुढचा नॉच.

शेजारी रिव्हर्सर असतो. गाडी पुढे जाणार की मागे, हे तो ठरवतो. त्याचा दांडा काढून घेता येतो, त्यामुळे उभं इंजिन कोणी सहज हलवू शकत नाही.

ब्रेकचे दांडे दोन. एकाने पूर्ण गाडीचे ब्रेक लागतात, दुसऱ्याने फक्त इंजिनाचे. याशिवाय डायनॅमिक ब्रेक असतो. उतारावर चाकांच्या मोटारींनाच जनरेटर बनवायचं आणि तयार झालेली वीज उष्णतेच्या रूपात बाहेर टाकायची, अशी ही युक्ती. त्यामुळे ब्रेकचे ठोकळे कमी झिजतात.

वाळूसुद्धा असते. पावसात ओल्या रुळांवर चाकं घसरायला लागली की चाकासमोर वाळू सोडतात. कोकणात पावसाळ्यात तिचा उपयोग कळतो.

आणि नसतं काय, तेही सांगायला हवं. जुन्या केबिनमध्ये एसी नाही, शौचालय नाही. भिंतीपलीकडे १६ सिलिंडर धडधडत असतात. मे महिन्यात आतली उष्णता, कानठळ्या बसवणारा आवाज आणि सतत बसणारे हादरे. व्हिडिओत केबिन रोमांचक दिसते, पण तिथे तासन् तास डोळे ताणून बसणं ही अंगमेहनत आहे.

आवाजातही संवाद कसा चालतो?

केबिनमधली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे सिग्नल पुकारणं. सिग्नल दिसला की दोघांनीही तो मोठ्याने उच्चारायचा. एकाची नजर चुकली तरी दुसऱ्याने पकडावं, हा हेतू.

जुन्या ॲल्कोत याला आणखी एक कारण होतं. केबिन इंजिनाच्या एका टोकाकडे असते. तिच्या एका बाजूला आखूड नाक, दुसऱ्या बाजूला इंजिनाचा लांबलचक देह. आखूड नाक पुढे असेल तर समोरचं बऱ्यापैकी दिसतं. लांब बाजू पुढे असेल तर समोर चौदा-पंधरा पावलांची लोखंडी भिंत. मग वळणावर एका माणसाला दिसतं ते दुसऱ्याला दिसत नाही, आणि सहाय्यकाच्या डोळ्यांवर विसंबावं लागतं. पुढे दोन्ही टोकांना केबिन असलेली डब्ल्यूडीपी-४डी सारखी इंजिनं आली, तेव्हा ही अडचण संपली.

ॲल्को एवढा काळा धूर का सोडायचं?

सोशल मीडियावर ॲल्कोचे सगळ्यांत लोकप्रिय व्हिडिओ धुराचेच असतात. त्यामागचं कारण बिघाड असेलच असं नाही.

डिझेल नीट जळायला भरपूर हवा लागते. ही हवा टर्बोचार्जर दाबून आत ढकलतो. टर्बोचार्जर फिरतो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंवर. ड्रायव्हरने नॉच वाढवला की डिझेल लगेच वाढतं, पण टर्बोचार्जरला वेग घ्यायला काही सेकंद लागतात. त्या काही सेकंदांत डिझेल जास्त आणि हवा कमी. अर्धवट जळालेलं डिझेल काजळी होऊन बाहेर पडतं. टर्बो वेगात आला की धूर पातळ होतो.

ईएमडी इंजिनांत टर्बोचार्जरला सुरुवातीला गिअरने फिरवतात, म्हणून त्यांचा धूर कमी.

पण बघणाऱ्याला मजा वाटणारा हा धूर बोगद्यात त्रासदायक व्हायचा. कोकण रेल्वेवर ९० च्या वर बोगदे आहेत. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा तर साडेसहा किलोमीटरचा. डिझेलच्या काळात अशा बोगद्यांत खिडक्या लावून बसणारे प्रवासी आठवत असतील. प्रवाशांना निदान खिडकी लावता यायची. इंजिनावरच्या दोघांना त्याच वेळी समोरचा रूळही बघायचा असायचा.

केबिनमधून सिंधुदुर्ग कसा दिसतो?

प्रवाशाला खिडकीतून बाजूचं दिसतं. केबिनमधून समोरचं दिसतं, आणि तेवढ्याने सगळं चित्र बदलतं.

उत्तरेकडून येताना जिल्ह्यात पहिलं मोठं स्टेशन वैभववाडी रोड. पुढे नांदगाव रोड, कणकवली, सिंधुदुर्ग, कुडाळ, झाराप, सावंतवाडी रोड आणि गोव्याच्या हद्दीआधी मडुरे. या प्रवासात गड नदी, कुडाळची भंगसाळ, तेरेखोल अशा सह्याद्रीतून समुद्राकडे धावणाऱ्या नद्या आडव्या येतात. म्हणजे दरी आली की पूल, डोंगर आला की बोगदा किंवा कटिंग. कटिंग म्हणजे डोंगर कापून काढलेली खोल वाट, दोन्ही बाजूंना जांभ्याच्या नाहीतर मातीच्या उभ्या भिंती.

भोर किंवा कसारा घाटात ३७ मीटरला १ मीटर असा चढ आहे. तिथे गाडीला मागून जादा इंजिन लावावं लागतं. कोकण रेल्वेने डोंगर चढायचं टाळलं, आरपार जायचं ठरवलं. त्यामुळे चढ सौम्य राहिला आणि गाड्या वेगाने धावू शकल्या. पण त्याची किंमत म्हणजे शेकडो कटिंग. आणि कटिंगची खरी परीक्षा पावसाळ्यात.

२२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईकडे निघालेली हॉलिडे स्पेशल गाडी रुळांवर आलेल्या दरडीवर आदळली. इंजिन आणि डबे घसरले. ५० हून अधिक माणसं गेली. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ ला, रायगड जिल्ह्यात करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला अशाच दगडांमुळे अपघात झाला.

केबिनमधून विचार केला तर हे अपघात का टळत नाहीत ते समजतं. वेगात असलेली पूर्ण गाडी थांबायला सुमारे एक किलोमीटर लागू शकतो. रात्री, पावसात, वळणावर इंजिनाचा दिवा एवढं लांबचं दाखवत नाही. दगड दिसेपर्यंत ब्रेक लावण्याची वेळ निघून गेलेली असते.

म्हणून उपाय केबिनच्या बाहेर करावे लागले. कटिंगच्या उतारांना जाळ्या बसवल्या, भिंती बांधल्या, उतार कमी केले. पावसाळ्यात रात्रंदिवस गस्त घालणारे कर्मचारी नेमले जातात. पावसाळी वेळापत्रकात गाड्यांचा वेग कमी ठेवला जातो, आणि मुसळधार पावसात समोरचं दिसेनासं झालं तर ताशी ४० किलोमीटरपर्यंत खाली येण्याची सूचना असते. पावसाळ्यात गाडी उशिरा का येते म्हणून चिडणाऱ्याने हे एकदा आठवावं.

मग केबिनमध्ये बसायला मिळतं का?

थेट उत्तर: सर्वसामान्य प्रवाशाला नाही.

इंजिनावरच्या प्रवासाला रेल्वेत 'फूटप्लेट' म्हणतात. हा शब्द वाफेच्या इंजिनाच्या काळातला, ड्रायव्हर उभा राहायचा त्या लोखंडी पत्र्यावरून आलेला. फूटप्लेटवर तपासणी करणारे अधिकारी, निरीक्षक किंवा रीतसर परवानगी मिळालेली व्यक्तीच जाऊ शकते. ड्रायव्हर ओळखीचा आहे, गावातला आहे, म्हणून तो कोणाला वर घेऊ शकत नाही. घेतलं तर त्याची नोकरी धोक्यात येते.

रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १५६ नुसार, मनाई करूनही टपावर, पायरीवर किंवा इंजिनावर प्रवास करणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत घुसलं तर कलम १४७ आहे. यार्डात उभ्या असलेल्या इंजिनावर चढून रील बनवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं. आणि तारा आल्यापासून धोका आणखी वाढला आहे. इंजिनाच्या वरून २५,००० व्होल्टची तार गेलेली असते. तिला हात लागायचीही गरज नसते, जवळ गेलं तरी झटका बसू शकतो.

परदेशात मिळतं, मग इथे का नाही?

ब्रिटनमध्ये १९६१-६२ मध्ये 'डेल्टिक' नावाची २२ डिझेल इंजिनं बनली. १९८२ च्या सुरुवातीला ती निवृत्त झाली, पण त्यांतली सहा जपून ठेवली गेली. अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या ईली गावात नेवाडा नॉर्दर्न रेल्वेवर पैसे भरून जुनं ॲल्को डिझेल स्वतः चालवून बघता येतं, अर्थात शेजारी प्रशिक्षित माणूस उभा असतो.

फरक असा, की हे सगळं मुख्यतः स्वतंत्र रुळांवर चालतं. बंद पडलेला मार्ग एखाद्या संस्थेने घेतलेला असतो. ब्रिटनमध्ये अशा बहुतेक मार्गांवर वेगाची मर्यादा ताशी २५ मैल, म्हणजे ४० किलोमीटर. समोरून राजधानी येणार नसते. सिंधुदुर्गात मात्र एकेरी मार्ग आहे. एक गाडी स्टेशनात थांबते तेव्हा दुसरी पुढे जाते. तिथे हौशी फेरीसाठी रूळ मोकळा ठेवणं कठीण.

जुनं डिझेल पुन्हा चालू करायला काय लागतं?

रंग देणं हा सगळ्यांत सोपा भाग. खरं काम आत असतं. वर्षानुवर्षं उभ्या इंजिनात रबरी सील कडक होतात, वायरींचं आवरण तडकतं, बॅटऱ्या मरतात. बॅटरी नसेल तर इंजिन सुरूच होत नाही, कारण बॅटरीच्या विजेने जनरेटर उलटा मोटारीसारखा फिरवूनच ते चालू करतात. टर्बोचार्जरचे बेअरिंग, सिलिंडर हेड, हवेचे ब्रेक, सगळं उघडून बघावं लागतं. आसाला आतून तडा गेला आहे का, ते ध्वनिलहरींनी तपासतात.

आणि त्याहून अवघड म्हणजे माणसं. आवाजावरून कुठला सिलिंडर नीट चालत नाही हे ओळखणारे फिटर आणि ड्रायव्हर निवृत्त होत आहेत. सुटा भाग कारखान्यात पुन्हा घडवता येतो. तो कान मात्र हाताखाली शिकूनच तयार होतो. इंजिनं भंगारात जाण्याआधी या लोकांच्या आठवणी नोंदवून ठेवणं म्हणूनच महत्त्वाचं आहे.

सध्या कुठे बघता येईल?

दिल्लीत चाणक्यपुरीतल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जुनी डिझेल इंजिनं जवळून बघता येतात. महाराष्ट्रात नेरळ-माथेरान मार्गाचा डिझेल इतिहास तर कोकण रेल्वेपेक्षाही जुना. तिथे १९५० च्या दशकात जर्मनीच्या युंग कंपनीची छोटी डिझेल इंजिनं आली होती. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे.

चालत्या गाडीतून कोकण मोकळेपणाने बघायचा असेल तर मुंबई-मडगाव जनशताब्दीला २०१७ पासून जोडलेला व्हिस्टाडोम डबा आहे. मोठ्या काचा, काचेचं छप्पर, आणि सगळं कायदेशीर तिकिटावर.

कोकण रेल्वेवरची डिझेल इंजिनंही अगदी नाहीशी झालेली नाहीत. तार तुटली, दरड कोसळली, मदतीची गाडी न्यायची झाली, की आजही डिझेललाच हाक मारतात. त्यामुळे पावसाळ्यात एखाद्या दिवशी कणकवलीच्या फलाटावर ती जुनी घरघर ऐकू आली, तर मागे सरकून उभं राहावं, व्हिडिओ फलाटावरूनच काढावा, आणि केबिनच्या खिडकीत दिसणाऱ्या दोघांना हात करावा.